तराजूत कधीच न ठेवलेली माणसे

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे हेल्मेट घालून अंगावर अंग आदळत खेळल्या जाणाऱ्या एनएफएलच्या फुटबॉलमध्ये, एक मत इतके रुळले आहे की त्याला आता कुणी प्रश्नही विचारत नाही. खेळाडू निवडताना त्याचे कौशल्य एका पारड्यात ठेवायचे आणि मैदानाबाहेरच्या भानगडी दुसऱ्या पारड्यात. कौशल्य जड भरले की करार करायचा. संघांचे व्यवस्थापक हेच मत पत्रकार परिषदांत मांडतात, समालोचक टीव्हीवर मांडतात आणि न्यू जर्सीपासून डॅलसपर्यंतच्या मराठी घरांत रविवारी दुपारी सामना पाहताना तेच मत आपल्या भाषेत ऐकू येते. ‘आपल्याला त्याच्या खेळाशी मतलब.’ ‘कोर्टाने सोडलंय ना त्याला?’ ‘माणसाला दुसरी संधी नको का द्यायला?’

या मताची बाजू आधी तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू. संघ जिंकण्यासाठी असतो. शिक्षा देणे हे पोलिसांचे आणि न्यायालयाचे काम आहे, प्रशिक्षकाचे नव्हे. खेळाडूचे खासगी आयुष्य खासगी आहे. गुणवत्ता दुर्मीळ असते. सोवळेपणा करणारा संघ ती गमावतो आणि शेजारचा संघ तिच्या बळावर करंडक जिंकतो. ही मुले गरिबीतून, मोडक्या घरांतून येतात. त्यांना सुधारायची संधी मिळायला हवी. आणि शेवटी, चाहत्यांना विजय हवा असतो, कुणाच्या चारित्र्याचा दाखला नको असतो.

ऐकायला हे सारे समजूतदार वाटते, पण यातले एकही वाक्य तपासणीत टिकत नाही. मुळात हा तराजूच खोटा आहे. कारण ज्या बाईच्या जबड्यावर ठोसा बसला, जिचा गळा दाबला गेला, जी आपल्या कामाच्या ठिकाणी घाबरून गेली, तिला या तराजूच्या कोणत्याच पारड्यात आजवर जागा मिळालेली नाही.

सुरुवात ‘मैदानाबाहेरच्या भानगडी’ या गाठोड्यापासून करू. हे गाठोडे सोडले तर आत काय काय निघते? गांजा ओढणे, बैठकीला उशिरा येणे, प्रशिक्षकाशी उद्धटपणे बोलणे, राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणे, आणि गरोदर प्रेयसीचा गळा आवळणे. या गोष्टी एकाच जातीच्या आहेत, त्यांत फक्त कमी-जास्तपणाचा फरक आहे, असे मानल्याशिवाय हा तराजू चालूच शकत नाही.

2014 चा उन्हाळा आठवा. बाल्टिमोर रेव्हन्स संघाचा रे राइस याने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत अटलांटिक सिटीतल्या एका कॅसिनोच्या लिफ्टमध्ये आपल्या होणाऱ्या पत्नीला ठोसा मारून बेशुद्ध केले. तिचे निपचित शरीर तो लिफ्टमधून ओढत बाहेर काढतो आहे, हे चित्रण काही दिवसांतच साऱ्या देशाने पाहिले. जुलैत लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांनी शिक्षा सुनावली: 2 सामन्यांची बंदी. त्याच ऑगस्टमध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सचा जॉश गॉर्डन गांजाच्या चाचणीत पुन्हा दोषी ठरला. त्याला पूर्ण हंगामाची, म्हणजे 16 सामन्यांची बंदी झाली. पुढे नियम बदलल्यावर ती 10 सामन्यांवर आली. गॉर्डनने इजा केली असेल तर स्वतःला केली होती. त्याला 16 सामने, आणि बाईला बेशुद्ध पाडणाऱ्याला 2. ज्यांना हा तराजू व्यवहार्य वाटतो, त्यांनी हे माप कोणत्या व्यवहारात बसते ते सांगावे.

दोन वर्षांनी, 2016 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंची संघांत वाटणी होते त्या वार्षिक निवडीत, हेच पुन्हा दिसले. लॅरेमी टन्सिल हा त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक मानला जात होता. निवड सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी त्याच्याच ट्विटर खात्यावरून एक चित्रफीत पसरली: तोंडावर गॅस मास्क लावून तो धूर ओढतो आहे. संघ मागे सरले आणि तो 13व्या क्रमांकापर्यंत घसरला. त्याच ड्राफ्टमध्ये टायरीक हिल होता. गरोदर प्रेयसीला मारहाण करून तिचा गळा दाबल्याचा गुन्हा त्याने 2015 मध्ये न्यायालयात कबूल केला होता. त्याच्या विद्यापीठाच्या संघाने त्याला काढून टाकले होते. कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला पाचव्या फेरीत, 165व्या क्रमांकावर घेतले. हिल टन्सिलपेक्षा कितीतरी खाली गेला, हे खरे. पण दोघांना मोजायची भाषा एकच होती: हा किती जागा खाली, तो किती जागा खाली. एकाने धूर ओढला होता, दुसऱ्याने माणसाचा श्वास कोंडला होता, आणि निवड करणाऱ्यांच्या वहीत दोघांपुढे एकच शेरा होता: ‘रेड फ्लॅग’.

या तराजूने नेमके काय ठरते, हे इथे उघड होते. त्याने माणूस घ्यायचा की नाही हे ठरत नाही, तो किती स्वस्तात घ्यायचा हे ठरते. ओक्लाहोमाच्या जो मिक्सनने एका विद्यार्थिनीच्या तोंडावर ठोसा मारल्याचे चित्रण डिसेंबर 2016 मध्ये जगासमोर आले. पुढच्याच एप्रिलमध्ये सिनसिनाटी बेंगल्सने त्याला 48व्या क्रमांकावर निवडले. निव्वळ खेळ पाहिला तर तो याहून वरचा मानला जात होता, म्हणजे संघाला माल सवलतीत मिळाला. स्त्रीवर उगारलेला हात ही या बाजारात किमतीवरची सूट आहे. यालाच चारित्र्याचा विचार म्हणायचे?

आता पहिला युक्तिवाद: खासगी आयुष्य खासगी असते. ज्या लीगचे लोक हे म्हणतात, त्याच लीगमध्ये ड्राफ्टच्या आधी खेळाडूच्या तळहाताची लांबी मोजतात, त्याच्या शाळेतल्या शिक्षकांकडे चौकशी करतात आणि घरच्यांबद्दल खोदून खोदून विचारतात. 2010 मध्ये मायामी डॉल्फिन्सचे सरव्यवस्थापक जेफ आयर्लंड यांनी डेझ ब्रायंट या तरुणाला मुलाखतीत, तुझी आई वेश्या होती का, असे विचारले. बोभाटा झाल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. मुलाच्या आईच्या आयुष्यात डोकावताना ज्यांना खासगीपणाची मर्यादा आठवत नाही, त्यांना ती खेळाडूने बायकोला मारल्यावरच का आठवते?

आपल्याकडे या युक्तिवादाचे मूळ आणखी खोल आहे. नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये, असे सांगत आपण पिढ्यान्‌पिढ्या दारे लावून घेतली. दुसऱ्याच्या शरीरावर केलेला हल्ला घराच्या चार भिंतींत झाला म्हणून तो घरगुती होत नाही. अमेरिकेचा कायदा हे मानतो, भारताचा कायदाही मानतो. मग सामना पाहणारे आपण कोण, की ज्यांना ते मान्य नाही?

दुसरा युक्तिवाद सर्वांत जास्त वापरला जातो: न्यायालयाने दोषी ठरवले नाही, तर तुम्ही कोण? याला नीट उत्तर द्यायला हवे, कारण यात एक मोलाचे तत्त्व वेठीला धरलेले आहे. दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व राज्यसत्तेला बांधून घालण्यासाठी आहे. सरकार माणसाला तुरुंगात टाकू शकते, म्हणून सरकारकडे अगदी पक्का पुरावा हवा. पण कोट्यवधी डॉलरचा करार हा कुणाचा मूलभूत हक्क आहे का? तुरुंगातून वाचणे आणि 23 कोटी डॉलर मिळणे, या दोन टोकांच्या मधे मोठी जागा आहे. सगळे मालक रोज त्याच जागेत निर्णय घेतात.

तो 23 कोटींचा आकडा खरा आहे. ह्यूस्टन टेक्सन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, डेशॉन वॉटसन याच्यावर 2021 च्या मार्चपासून वीसहून जास्त स्त्रियांनी दिवाणी दावे लावले. मसाजच्या सत्रांत त्याने लैंगिक गैरवर्तन केले, असा त्यांचा आरोप होता. वॉटसनने तो सतत नाकारला. 2022 च्या मार्चमध्ये टेक्ससच्या दोन ग्रँड ज्यूरींनी फौजदारी आरोप ठेवायला नकार दिला. पहिल्या नकारानंतर आठवडाभरातच क्लीव्हलँड ब्राउन्सने त्याच्यासाठी पहिल्या फेरीच्या 3 निवडी टेक्सन्सला देऊ केल्या आणि त्याला 5 वर्षांचा, 23 कोटी डॉलरचा, पूर्ण हमीचा करार दिला. इतक्या मोठ्या रकमेची पूर्ण हमी त्याआधी लीगमध्ये कुणालाही मिळाली नव्हती. अनेक संघ त्याच्या मागे लागले होते, त्यांतून ब्राउन्सने बाजी मारली.

ग्रँड ज्यूरीने आरोप न ठेवणे म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. खटला उभा राहिला नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढे लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी मिळून नेमलेल्या माजी न्यायाधीश स्यू रॉबिन्सन यांनी पुरावा पाहिला. लीगच्या स्वतःच्या व्याख्येनुसार लैंगिक अत्याचार सिद्ध झाला आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. वर्तनाचा हा नमुना लीगपुढे आधी आलेल्या कोणत्याही प्रकरणापेक्षा गंभीर आहे, असेही त्यांनी नोंदवले. तरीही त्यांनी बंदी घातली ती 6 सामन्यांची, कारण लीगने पूर्वी दिलेल्या शिक्षा इतक्या सौम्य होत्या की त्यांच्या पलीकडे जायला त्यांना आधार दिसला नाही. कालचा ढिलेपणा आजच्या ढिलेपणाचे कारण झाला. लीगने अपील केले आणि तडजोडीत 11 सामने व 50 लाख डॉलर दंड ठरला.

ब्राउन्सने तो करार कसा बांधला होता, हेही पाहा. पहिल्या वर्षाचा मूळ पगार फक्त 10 लाख 35 हजार डॉलर, आणि पुढच्या प्रत्येक वर्षी 4 कोटी 60 लाख. बंदीच्या काळात कापला जातो तो मूळ पगार. बंदी येणार हे सर्वांना दिसत होते, म्हणून तिचा आर्थिक मार खेळाडूला बसू नये अशी व्यवस्था करारातच झाली होती. मग न्यायालयाच्या निकालाची वाट कोण पाहत होते? संघाने निकाल आधीच गृहीत धरला होता आणि शिक्षेपासून बचावाची तजवीजही करून ठेवली होती.

आणि न्यायालयाशिवाय आम्ही काही करत नाही, हे तर सरळ असत्य आहे. टन्सिलला घसरवताना कोणत्या न्यायालयाचा निकाल हाती होता? काही मिनिटे पुरली. कॉलिन कॅपरनिकने 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, नेले होते. 2016 मध्ये कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी अत्याचाराच्या निषेधार्थ त्याने राष्ट्रगीताच्या वेळी आधी बसून राहायला आणि मग गुडघा टेकायला सुरुवात केली. त्याने कुणालाही बोट लावले नव्हते, त्याच्यावर कसलाही गुन्हा नव्हता. त्या हंगामात त्याने 16 टचडाउन पास दिले आणि 4 चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले, म्हणजे कौशल्यही शाबूत होते. 2017 च्या मार्चनंतर 32 पैकी एकाही संघाने त्याच्याशी करार केला नाही. संघांनी संगनमत केल्याची तक्रार त्याने केली आणि 2019 मध्ये लीगने तडजोड करून ती मिटवली. कौशल्य बाजूला ठेवून माणसाला दाराबाहेर ठेवणे संघांना जमते, हे त्यांनी स्वतःच दाखवून दिले. गुडघा टेकणाऱ्यासाठी जे जमले, ते हात उगारणाऱ्यासाठी का जमत नाही?

तिसरा युक्तिवाद दुसऱ्या संधीचा. यावर बोलणाऱ्यांच्या हाती मायकेल व्हिकचे नाव नेहमी तयार असते, आणि ते घ्यायला माझी हरकत नाही. अटलांटा फाल्कन्सचा हा तारा कुत्र्यांच्या झुंजी लावण्याच्या धंद्यात अडकला. 2007 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. त्याला 23 महिन्यांची शिक्षा झाली, तो तुरुंगात गेला, त्याचे दिवाळे निघाले, कारकिर्दीचे 2 ऐन हंगाम गेले. 2009 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला घेतले. बाहेर आल्यावर तो प्राणी संरक्षण संस्थेबरोबर शाळाशाळांत जाऊन मुलांशी बोलला, आणि झुंजींविरुद्धच्या कायद्याला पाठिंबा द्यायला वॉशिंग्टनलाही गेला.

व्हिकच्या कथेचा क्रम लक्षात घ्या. कबुली, शिक्षा, नुकसान, प्रायश्चित्त, आणि मग संधी. ज्यांच्यासाठी आज त्याचे नाव घेतले जाते, त्यांच्यातल्या किती जणांनी हा क्रम पाळला? 2014 च्या जुलैत कॅरोलायना पँथर्सचा ग्रेग हार्डी याला न्यायाधीशांनी प्रेयसीला मारहाण केल्याबद्दल आणि धमकावल्याबद्दल दोषी ठरवले. त्याने ज्यूरीपुढे फेरसुनावणी मागितली. 2015 च्या फेब्रुवारीत तक्रारदार सरकारी वकिलांना सापडेना, म्हणून आरोप मागे घेतले गेले. मार्चमध्ये डॅलस काउबॉइजने त्याच्याशी 1 कोटी 31 लाख डॉलरपर्यंत जाणारा करार केला. आरोप मिटणे आणि करार होणे यांत काही आठवड्यांचे अंतर होते. एवढ्या अवधीत कोणते आत्मपरीक्षण झाले? लीगने त्याच्यावर घातलेली 10 सामन्यांची बंदी अपिलात 4 वर आली. ऑक्टोबरमध्ये बाजूरेषेवर त्याने प्रशिक्षकाशी हुज्जत घातली, तेव्हा मालक जेरी जोन्स यांनी त्याला नेता म्हटले. नोव्हेंबरमध्ये त्या स्त्रीच्या जखमांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, तरीही तो हंगाम संपेपर्यंत खेळत राहिला.

कॅन्सस सिटी चीफ्सच्या करीम हंटचे उदाहरण आणखी बोलके आहे. 2018 च्या फेब्रुवारीत क्लीव्हलँडच्या एका हॉटेलात त्याने एका स्त्रीला ढकलले आणि लाथ मारली. नोव्हेंबरच्या शेवटी चित्रण बाहेर आले आणि चीफ्सने त्याला त्याच दिवशी काढले. तो आम्हाला खरे बोलला नव्हता, असे कारण त्यांनी दिले. अडीच महिन्यांच्या आत त्याला नवा संघ मिळाला. तोही ज्या शहरात हे घडले, त्याच क्लीव्हलँडचा. हंट 23 वर्षांचा होता, आणि एका हंगामाआधी चेंडू घेऊन धावण्यात साऱ्या लीगमध्ये पहिला आला होता.

रे राइसला मात्र कुणीही पुन्हा घेतले नाही. हंटचा दोष कमी आणि राइसचा जास्त, म्हणून असे झाले का? लिफ्टच्या आतले चित्रण सप्टेंबरमध्ये बाहेर आल्यावर लीगने राइसवर घातलेली अनिश्चित काळाची बंदी लवादाने नोव्हेंबर 2014 मध्येच उठवली होती. त्याला घ्यायला कुणालाही आडकाठी नव्हती. पण 2013 च्या हंगामात त्याची सरासरी एका धावेमागे 3.1 यार्डांवर आली होती आणि धावणाऱ्या खेळाडूचे वय झपाट्याने सरते. राइसने पुढे आपला अपराध उघडपणे मान्य केला आणि तरुण खेळाडूंपुढे त्याबद्दल बोलत राहिला. म्हणजे दुसऱ्या संधीला लायक ठरेल असे काही केले असेल तर ते त्याने. तरीही संधी मिळाली ती हंटला, कारण त्याच्या पायांत अजून धाव होती. दुसरी संधी पश्चात्तापाला मिळत नाही, वेगाला मिळते. एवढे दिसत असताना करुणेचे नाव घेऊ नये.

दुसऱ्या संधीबद्दल एक प्रश्न कधीच विचारला जात नाही: ती देण्याचा अधिकार कुणाचा? ज्याने मार खाल्लेला नाही तो संघमालक क्षमा करतो, चाहते क्षमा करतात. त्या स्त्रीला कुणी विचारले? 2014 च्या मे महिन्यात राइसच्या संघाने त्याच्यासोबत त्या पत्नीलाही पत्रकारांसमोर बसवले, आणि त्या रात्री आपलाही वाटा होता याचा तिला खेद वाटतो, असे संघाच्या अधिकृत खात्यावरून जाहीर केले. बेशुद्ध पडलेल्या बाईकडून खेद वदवून घेणारी ही करुणा कोणासाठी होती?

चौथा युक्तिवाद धंद्याचा: गुणवत्ता दुर्मीळ आहे, जिंकायचे तर किंमत मोजावी लागते. ब्राउन्सने ती मोजली. वॉटसन 2022 ते 2024 या तीन हंगामांत मिळून 19 सामन्यांत सुरुवातीपासून खेळला. बंदी, खांद्याची दुखापत, पोटरीच्या खालचा स्नायुबंध तुटणे, आणि खेळला तेव्हाही पूर्वीची चमक नाही. हा डाव फसला, असे 2025 च्या मार्चमध्ये संघमालकांनीच कबूल केले. पण माझे म्हणणे या अपयशावर उभे नाही. हिलला घेणाऱ्या चीफ्सने 2020 च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकला, आणि 2022 मध्ये मायामीने हिलला 12 कोटी डॉलरचा करार दिला. डाव फसला म्हणून वॉटसनचा करार चुकीचा ठरत नाही आणि करंडक आला म्हणून हिलची निवड बरोबर ठरत नाही. कृत्य योग्य की अयोग्य हे धावफलकावरून ठरवायचे, तर उद्या कशालाही योग्य म्हणता येईल.

आणि धंद्याची भाषाच बोलायची, तर ती पूर्ण बोलू. 2014 च्या सप्टेंबरमध्ये मिनेसोटा वायकिंग्जच्या एड्रियन पीटरसनवर आपल्या 4 वर्षांच्या मुलाला फोकाने मारल्याचा आरोप ठेवला गेला. संघाने त्याला एक सामना बाहेर ठेवले आणि सोमवारी परत घेतले. त्याच रात्री रॅडिसन हॉटेल्सने संघाचे प्रायोजकत्व स्थगित केले. बुधवारी पीटरसन पुन्हा बाहेर गेला. मुलाच्या पायांवरचे वळ सोमवारीही तेवढेच होते. त्या दोन दिवसांत बदलला तो फक्त पैशाचा प्रवाह. म्हणजे आम्ही तत्त्वावर चालू शकत नाही हे खोटे आहे. दुखेल तिथे कुणी बोट ठेवले की संघ तत्त्वावर चालतात.

पाचवा युक्तिवाद मला सर्वांत अपमानकारक वाटतो: खेळच हिंसक आहे, मुले कठीण वस्त्यांतून येतात, त्यांच्याकडून दुसरे काय अपेक्षावे? प्रत्येक संघात 53, असे 32 संघांत मिळून सुमारे 1,700 खेळाडू असतात. त्यांतले कितीतरी त्याच वस्त्यांतून येतात, तोच हिंसक खेळ खेळतात, आणि घरी कुणावर हात उगारत नाहीत. हा युक्तिवाद त्या सगळ्यांच्या तोंडाला काळे फासतो. पिट्सबर्ग स्टीलर्सचा विल्यम गे लहान असताना त्याच्या आईला सावत्र वडिलांनी गोळ्या घालून मारले. गे मोठा होऊन घरगुती हिंसेविरुद्ध बोलत राहिला, स्त्रियांच्या निवाऱ्यांसाठी काम करत राहिला. 2015 च्या ऑक्टोबरमध्ये, घरगुती हिंसेविरुद्ध जागृतीच्या महिन्यात, तो जांभळे बूट घालून मैदानात उतरला. गणवेशाचा नियम मोडला म्हणून लीगने त्याला 5,787 डॉलर दंड केला. खडतर बालपण माणसाला काय शिकवू शकते याचे उत्तर हवे असेल, तर ते गेकडे आहे. लीगने त्या उत्तराला दंड लावला.

मग करायचे काय? आधी ते गाठोडे सोडा. गांजा, उशीर, उद्धटपणा, राजकीय मत यांना चारित्र्याच्या नावाखाली मोजणे थांबवा. खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या 2020 च्या करारानंतर फक्त गांजाच्या चाचणीवरून होणारी बंदी लीगनेच बंद केली आहे, म्हणजे इतकी वर्षे ज्यावर मुलांची कारकीर्द टांगली ती गोष्ट तेवढी मोठी नव्हतीच. दुसऱ्या माणसावरची हिंसा मात्र या मोजमापातून कायमची बाहेर काढा. ती वजन नाही, ती अट आहे. चौकशी लीगच्या पगारावर नसलेल्या लोकांकडे द्या. दोष सिद्ध झाला तर बंदी पूर्ण हंगामाची ठेवा, आणि तिचा मार करारातल्या सगळ्या रकमेवर पडू द्या, म्हणजे पहिल्या वर्षी लहान पगार दाखवून ती चुकवता येणार नाही. परतीचा रस्ता जरूर असावा. पण त्याच्या तोंडाशी कबुली असावी, आणि जिला इजा झाली तिचे म्हणणे ऐकले गेलेले असावे.

हे सारे लीगने करायचे, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. 2014 च्या जुलैत, लिफ्टबाहेरचे चित्रण पाहून झाल्यावर, राइस सरावाला उतरला तेव्हा बाल्टिमोरच्या चाहत्यांनी त्याचे टाळ्या वाजवून स्वागत केले. 8 सप्टेंबरला लिफ्टच्या आतले चित्रण आले, संघाने त्याला काढले, आणि त्याच महिन्यात हजारो चाहते त्याच्या नावाची जर्सी बदलून घ्यायला रांगेत उभे राहिले. ठोसा फेब्रुवारीतच मारला गेला होता आणि ती बेशुद्ध पडली हे सगळ्यांना फेब्रुवारीतच दिसले होते. डोळ्यांनी ठोसा पाहिल्याशिवाय बाईचे म्हणणे खरे मानायचे नाही, ही सवय लीगइतकीच आपलीही आहे. 2022 मध्ये क्लीव्हलँडच्या अनेक नागरिकांनी दुसरा मार्ग दाखवला. वॉटसनचा करार जाहीर होताच त्यांनी शहरातल्या बलात्कारपीडितांच्या मदत केंद्राला देणग्या पाठवल्या. कित्येक देणग्या 22 डॉलरच्या होत्या, तेव्हा दावा लावलेल्या स्त्रिया 22 होत्या म्हणून. त्यांनी आपला संघ सोडला नाही. आपला संघ कोणाला विसरतो आहे, हे मात्र त्याला ठणकावून सांगितले.

अमेरिकेतल्या मराठी प्रेक्षकाला माझे सांगणे एवढेच. संघ निवडा, सामने पाहा, जिंकल्यावर नाचा. पण जर्सी विकत घेताना पाठीवर कोणाचे नाव आहे ते वाचा. फॅन्टसी लीगमध्ये खेळाडू निवडताना त्याचे यार्ड जेवढ्या बारकाईने पाहता, तेवढ्याच बारकाईने त्याची बाकीची नोंदही पाहा. जाहिरातदारांना पत्र लिहा. दोन दिवसांत निर्णय बदलतात हे मिनेसोटाने दाखवले आहे. न्यू जर्सीत 1985 पासून ‘मानवी’ ही संस्था घरात मार खाणाऱ्या दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करते. तिच्याकडे येणाऱ्या बायका आपल्याच घरांतल्या आहेत. रविवारी दिवाणखान्यात ‘आपल्याला त्याच्या खेळाशी मतलब’ हे वाक्य उच्चारले जाते, तेव्हा ते स्वयंपाकघरातही ऐकू जाते. तिथे कुणी ते ऐकून आपले दुखणे गिळत असेल, तर त्या गप्प बसण्यात आपलाही वाटा आहे. गुणवत्ता दुर्मीळ असेल, पण कुणाच्याही गुणवत्तेसाठी दुसऱ्याचे शरीर गहाण ठेवण्याचा अधिकार संघमालकाला नाही, लीगला नाही आणि आपल्यालाही नाही.